डीटीएन राउटिंग: साठवणुकीला मुदत घातल्यावर डाइकस्ट्रा चुकतो, मग मांडणी कशी करावी?

नमस्कार. डीटीएन, म्हणजे विलंब आणि खंड सोसणाऱ्या जाळ्यांमधील राउटिंगची (संदेशाचा मार्ग ठरवण्याची) गणिती मांडणी करताना एका ठिकाणी अडलो आहे. जाणकारांनी मदत करावी.

दोन नोडमधला (जाळ्यातील यंत्रांमधला) प्रत्येक संपर्क मी फलन मानतो: बंडल (डेटाचा गठ्ठा) या नोडवर अमुक क्षणी आले, तर पुढच्या नोडवर केव्हा पोहोचेल, हे ते सांगते. नोडला बंडल हवा तितका वेळ धरून ठेवता येत असेल, तर लवकर पोहोचल्याने कधीच तोटा होत नाही, फलन अघटते राहते, आणि म्हणूनच जैन, फॉल व पात्रा यांनी २००४ मध्ये वापरलेली डाइकस्ट्राच्या लघुतम मार्ग शोधणाऱ्या रीतीची कालसापेक्ष आवृत्ती बिनचूक चालते. इथवर शंका नाही.

आता कोणत्याही नोडवर बंडल २५ सेकंदांपेक्षा जास्त थांबू शकत नाही, असे धरू. क-ख संपर्क ० ते ५, क-घ १० ते १५, घ-ख २० ते २५ आणि ख-ग ४० ते ४५ या सेकंदांत खुला आहे. प्रत्येक टप्प्याला एक सेकंद लागतो आणि बंडल क वर शून्याव्या सेकंदाला तयार होते. थेट पाठवलेले बंडल ख वर पहिल्याच सेकंदाला पोहोचते आणि ग ची वाट पाहतापाहता बाद होते. घ मार्गे गेलेले २१ ला ख वर येते, १९ सेकंद थांबते आणि ४१ ला ग वर सुखरूप पोहोचते. डाइकस्ट्राने मात्र ख साठी १ हा आकडा पक्का करून २१ केव्हाच फेकून दिलेला असतो.

म्हणून एका आकड्याऐवजी मी प्रत्येक नोडसाठी पोहोचण्याच्या शक्य क्षणांचा संच ठेवला. संयोग आणि फलनांची जोडणी या दोन क्रियांनी सेमीरिंग (बेरीज-गुणाकारासारख्या दोन क्रियांची बीजगणिती रचना) नीट बनते, पण तिच्यातून मिळतात ते नोडची पुनरावृत्ती चालणारे मार्ग. बंडल शेजाऱ्याकडे जाऊन परत आले की मुदत नव्याने सुरू होते, ही मला पळवाटच वाटते. पुनरावृत्ती वर्ज्य केली, तर प्रश्न एनपी-हार्ड (बहुपदी, म्हणजे आवाक्यातल्या वेळेत सुटण्याची आशा नसलेला) होतो, हे सिद्ध झालेले आहे.

माझा प्रश्न असा: उपग्रहांसारखा संपर्क-आराखडा ठरावीक काळाने तसाच पुन्हा येत असेल, तर त्या आवर्तनाचा आधार घेऊन पुनरावृत्ती टाळणारा मार्ग बहुपदी वेळेत काढता येतो का? की मुदत नोडऐवजी बंडलच्या एकूण आयुष्यावर घालणे, म्हणजे मांडणीच बदलणे, अधिक योग्य ठरेल?