शब्दचर्चा : 'जकात' हा शब्द मेला आहे का?

गेल्या महिन्यात नट-बोल्ट बनवणाऱ्या एका छोट्या कारखानदारांसाठी मी एका इंग्रजी पत्राचं मराठी करून देत होतो. त्यांचा माल युरोपात जातो. तिकडच्या खरेदीदाराने विचारलं होतं : एक टन बोल्ट तयार होताना किती कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, वीज किती लागली, पोलाद कोणत्या भट्टीतलं होतं, ते सगळं लेखी कळवा. युरोपीय महासंघाने ऑक्टोबर २०२३ पासून आयातदारांकडून अशी माहिती घ्यायला सुरुवात केली होती. १ जानेवारी २०२६ पासून येणाऱ्या मालाच्या धुराचा हिशेब आता पैशांत होतो. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज, एवढ्यांना तो लागू आहे.

या व्यवस्थेला मी 'कार्बन सीमा समायोजन यंत्रणा' असं लिहिलं. कारखानदारांच्या पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. त्यांच्या घरात 'समायोजन' म्हणजे जादा ठरलेल्या शिक्षकाची दुसऱ्या शाळेत रवानगी. कारखानदारांनी मला विचारलं, "म्हणजे आपला माल दुसरीकडे वळवणार का?" मी म्हटलं, "नाही हो, जकात आहे. त्यांच्या वेशीवर घेणार, मालाच्या वजनावर नाही तर धुरावर." त्यांना एका क्षणात कळलं आणि पुढचा प्रश्नही नेमका आला : "मग ती भरायची कुणी?"

तेव्हापासून हा शब्द डोक्यात आहे. शहरात शिरणाऱ्या मालावरची जकात ही करपद्धती म्हणून गेली. शब्दही गेला असं समजायचं का? की कर, शुल्क, उपकर यांपैकी कुणाला सांगता येत नाही असं काही तो अजून सांगतो? जाणकारांनी लिहावं.

भिवंडीहून

शब्द मेलेला नाही, आमच्या घरात तर रोज बोलला जातो. वडिलांचा ट्रक होता. मुंबईत माल घेऊन शिरायचं तर दहिसर, मुलुंड, ऐरोली, वाशी यांपैकी एक नाका ओलांडावा लागे. कागद, तपासणी, मालाच्या किमतीवरून वाद, मग पावती. रांग पुढे सरकत राहते म्हणून इंजिन बंद करता येत नसे. इंच इंच गाडी, आणि समोरच्या गाडीचा धूर थेट केबिनमध्ये. वडिलांचा खोकला मला त्या नाक्याचाच वाटतो. डॉक्टरांनी तसं लिहून दिलेलं नाही, पण मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे.

३० जून २०१७ च्या मध्यरात्री वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात थांबली. बाकीच्या महापालिकांत ती आधीच गेली होती. तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला, म्हणजे नाक्याऐवजी व्यापाऱ्याच्या हिशेबावरून घ्यायचा, २०१३ मध्ये व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध दुकानं बंद ठेवली, आणि ऑगस्ट २०१५ पासून तो बहुतेक व्यापाऱ्यांवरून उठला. हे सगळं पैशांच्या भाषेत लिहिलं गेलं : पालिकेचं किती बुडालं, राज्याने किती भरपाई दिली. नाक्यावरच्या हवेचा हिशेब त्यात कुणी धरला नाही. कर किती टक्के आहे याइतकंच तो कुठे उभं करून घेतात यालाही महत्त्व आहे, एवढंच मला सांगायचं आहे.

एक शब्दाची गोष्ट. 'नाका' हा मुळात अडवण्याचा, वसुलीचा. आता मुंबईत नाका म्हणजे नुसता चौक. 'नाक्यावर भेटू' म्हणताना कुणाला जकात आठवत नाही. सकाळी रोजगाराची वाट पाहत उभे असतात ते नाका कामगार. 'नाकाबंदी'त मात्र जुना अर्थ शिल्लक आहे.

रत्नागिरीहून

आमच्या घरी जकात हा चांगला शब्द आहे, म्हणून लिहिते आहे. मूळ अरबी 'जकात' म्हणजे शुद्ध होणं, वाढणं. वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीतला अडीच टक्के भाग गरजवंतांचा, तो काढून दिला की उरलेलं आपलं शुद्ध झालं, अशी श्रद्धा. रमजानात अम्मी वही घेऊन बसायची आणि कुणाकुणाकडे किती पोचवायचं ते लिहायची. कुणाला द्यायचं हे कुराणात ठरवून दिलेलं आहे : गरीब, निराधार, कर्जात बुडालेला, वाटसरू, असे आठ वर्ग.

शाळेत 'जकात नाका' वाचला तेव्हा मी गोंधळले होते. देण्याची गोष्ट नाक्यावर अडवून कशी घेतात, असं अब्बांना विचारलं होतं. ते म्हणाले, राजांनी वसुलीला तेच नाव दिलं आणि आपल्या मुलखात तोच अर्थ रुळला. एकाच शब्दाला मराठीत दोन घरं आहेत. एका घरात कुणाला द्यायचं ते आधी ठरतं, दुसऱ्या घरात कुणाकडून घ्यायचं ते.

पुण्याहून

रत्नागिरीच्या ताईंनी दोन घरांचं लिहिलं ते फार आवडलं. त्यात एक जुनं उदाहरण घालतो, तेही कोकणातलंच.

१६७१ च्या डिसेंबरात शिवाजी महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना मिठाबद्दल पत्र लिहिलं. गोव्यातला बारदेश तेव्हा पोर्तुगिजांकडे होता आणि तिथलं मीठ स्वस्त पडत होतं. व्यापारी तिकडे वळले तर संगमेश्वरकडचं मीठ पडून राहणार. म्हणून बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवायची, इतकी की ते आपल्या मिठापेक्षा स्वस्त पडू नये. पत्रात नुसता हुकूम नाही, कारणही दिलेलं आहे : जकात नीट बसवली नाही तर उदीम, म्हणजे व्यापार, दुसऱ्याच्या मुलखात जाईल.

आता मूळ प्रश्नातल्या युरोपच्या नियमाकडे बघा. त्यांचं म्हणणं असं की आमच्या पोलाद कारखान्यांना धुराचे पैसे पडतात, बाहेरच्यांना पडत नाहीत, म्हणून बाहेरचा माल स्वस्त. कारखाने तिकडे निघून जातील, धूर तेवढाच राहील, फक्त जागा बदलेल. म्हणून वेशीवर दर सारखा करायचा. मिठाच्या जागी धूर आला, तर्क तोच. त्यामुळे 'जकात' शब्द इथे चपखल बसतो असं माझं मत आहे. 'समायोजन' म्हटलं की ही कारकुनी बाब वाटते. 'जकात' म्हटलं की दोन मुलूख, मधली वेस, आणि अलीकडे-पलीकडे कुणाचं तरी पोट दिसतं.

मिठाची गोष्ट इथे संपत नाही. त्याच भागात, शिरोड्याला, मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. १६७१ ची जकात स्वतःच्या मीठवाल्याला सांभाळण्यासाठी होती. इंग्रजांचा मीठकर सगळ्यांच्या ताटातल्या चिमटीवर होता, आणि समुद्राकाठी राहणाऱ्यालाही मीठ उचलायची बंदी होती. त्यापायी लोकांनी लाठ्या खाल्ल्या. दोन्ही वेळा वस्तू एकच, करही वरवर पाहता तसलाच. फरक समजायला कर कुणासाठी घेतला हेच विचारावं लागतं.

नागपूरहून

संघर्षाचा विषय निघालाच आहे तर 'टॅरिफ'बद्दल. वर्तमानपत्रांत 'आयातशुल्क' मागे पडून हाच शब्द चालला आहे. अनेकांना तो परका वाटतो, पण मुळात तोही अरबी आहे, 'तअरीफ' म्हणजे कळवणं, ओळख करून देणं. दरांचं पत्रक, म्हणून इटालियनमार्गे टॅरिफ. आपली 'तारीफ' त्याच शब्दातून फारसीमार्गे आली. म्हणजे टॅरिफ आणि तारीफ सख्खी भावंडं.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. त्यातले २५ टक्के रशियाकडून तेल घेतो म्हणून होते. युद्ध युक्रेनमध्ये, दबाव मॉस्कोवर आणायचा, आणि फटका इथल्या कोळंबीवाल्याला, कापडवाल्याला. आपल्याकडे 'खंडणी'चं असंच झालं. पूर्वी हरलेल्या राजाने भरायची ती खंडणी, सनद-तहात लिहिली जायची. आज खंडणी म्हटलं की पोलीस ठाणं आठवतं. बळाच्या जोरावरची वसुली कायम राहिली, तिची अधिकृत नावं तेवढी बदलत गेली.

मुंबईहून

'उपकर' हा शब्द मला सगळ्यांत जास्त टोचतो. मी हिशेबाचं काम करते. उपकर म्हणजे ठरावीक कामासाठी घेतलेला जादा कर. अधिभार म्हणजे करावरचा कर. दोन्ही केंद्राने लावले तर राज्यांबरोबर वाटून घ्यायच्या रकमेत येत नाहीत. एवढी मोठी गोष्ट 'उप' या दोन अक्षरांआड लपते.

दक्षिण मुंबईतल्या जुन्या चाळींना सरकारी भाषेत 'उपकरप्राप्त इमारती' म्हणतात. भाडेकरू दुरुस्तीसाठी उपकर भरत आले, आणि शब्द असा की जणू इमारतीला काहीतरी प्राप्त झालं आहे! आजीच्या चाळीचा जिना टेकू देऊन उभा आहे. तिथे राहणाऱ्याला हा शब्द वाचून काय वाटत असेल?

आता कोळसा. जुलै २०१० पासून कोळशावर टनामागे ५० रुपये 'स्वच्छ ऊर्जा उपकर' लागला. २०१४ मध्ये १००, पुढच्या वर्षी २००, २०१६ मध्ये ४००. हेतू घोषित होता : कोळसा महाग करायचा आणि ते पैसे स्वच्छ विजेसाठीच्या निधीत घालायचे. २०१७ पर्यंत जमले सुमारे ८६ हजार कोटी रुपये. निधीकडे पोचले त्यातले ३० हजार कोटींच्याही आत, आणि प्रत्यक्ष खर्च त्याहून कमी. जुलै २०१७ पासून कोळशावरचे तेच ४०० रुपये राज्यांना वस्तू व सेवा कराची भरपाई देण्यासाठी वळवले. सप्टेंबर २०२५ मध्ये तो उपकर काढला आणि कोळशावरचा कर ५ वरून १८ टक्के केला. दर चढत गेला, नाव बदलत गेलं, आणि 'स्वच्छ' हा शब्द वाटेत कुठे गळला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

रत्नागिरीच्या अम्मींची वही इथे असायला हवी होती. कुणाकुणाकडे किती पोचलं, ओळीने.

चंद्रपूरहून

वरचा प्रतिसाद दोनदा वाचला. आमच्याकडे कोळसा जमिनीखाली आणि राख छपरावर. २,९२० मेगावॉटचं वीज केंद्र शहराला लागून आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी काढली, तिच्यात चंद्रपूर वरच्या क्रमांकांत होतं. उपकर आमच्या कोळशावर लागला, वीज राज्यभर गेली, आणि वाळत घातलेले कपडे संध्याकाळी परत झटकायचं काम आमच्याकडे राहिलं. युरोपने बोल्टवर धुराची जकात घेतली तर ती त्यांच्या तिजोरीत जाणार. ज्याच्या अंगावर धूर पडला त्याला तिथेही जागा नाही. शब्द ठरवताना एवढं ध्यानात ठेवा.

मूळ लेखकाकडून

सगळ्यांचे मनापासून आभार. दिल्लीचं एक उदाहरण मिळालं, तेही नोंदवतो. २०१५ च्या नोव्हेंबरपासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने दिल्लीत शिरणाऱ्या मालट्रकांकडून टोल नाक्यावरच पर्यावरण भरपाई शुल्क घेतलं जातं. सुरुवातीला हलक्या ट्रकाला ७०० आणि जड ट्रकाला १,३०० रुपये होते, लवकरच ते दुप्पट झाले. बाहेरून वळसा घालण्यापेक्षा शहरातून जाणं स्वस्त पडत होतं म्हणून हजारो ट्रक विनाकारण दिल्लीतून जात. म्हणजे धुराची जकात आपल्या देशात आधीच आहे, फक्त तिला तसं कुणी म्हणत नाही. भिवंडीकरांच्या वडिलांचा नाका धूर वाढवत होता, दिल्लीचा नाका धूर बाहेर ठेवण्यासाठी आहे. नाका वाईट किंवा चांगला ठरवता येत नाही, तो काय अडवतो ते बघावं लागतं.

'जकात' वापरायची हे माझं ठरलं. कारण या शब्दाला घेण्याची जागाही आठवते आणि देण्याची माणसंही. 'शुल्क' आणि 'उपकर' यांना दोन्ही आठवत नाहीत. पत्रात आता असं लिहिलं आहे : 'युरोपची कार्बन जकात. आयातदार भरतो, पण ती तुमच्या भावातून वळती करून मागण्याची शक्यता धरून ठेवा. मालाच्या मूळ देशात कार्बनची किंमत आधीच मोजली असेल तर तेवढी वजा होते.'

शेवटच्या ओळीवर कारखानदार बराच वेळ थांबले. "म्हणजे इथेच भरली तर पैसा इथेच राहील?" मी म्हटलं, राहील. ते म्हणाले, "राहील, पण चंद्रपूरला जाईल का?" मी त्यांना हा धागा वाचून दाखवला होता.

एक शब्द अजून अडला आहे. पुण्याच्या प्रतिसादात आलं तसं, एका देशात धुरावर कर लागला की कारखाना आणि धूर दुसऱ्या देशात जातो, त्याला सगळीकडे 'कार्बन गळती' लिहितात. गळती म्हटलं की नळ फुटल्यासारखं, चुकून झाल्यासारखं वाटतं. हे तर हिशेब करून केलेलं असतं. मी तूर्त 'धूरपालट' लिहिलं आहे, पण समाधान नाही. बरा शब्द सुचला तर सांगा, पत्र सोमवारी द्यायचं आहे.