मुदत संपलेल्या जाहिराती आणि एजंटचे फोन: मालकाला फोन करावा की करू नये?

सिंहगडरोड_एजंट

अकरा वर्षं पुण्यात रिसेलचं, म्हणजे जुनी घरं विकून देण्याचं काम करतोय. आनंदनगर, हिंगणे, वडगाव, धायरी, नदीपलीकडे थोडं कर्वेनगर. परवा ओळखीतले एक गृहस्थ तोंडावर म्हणाले, "जाहिरात बंद पडली रे पडली की तुम्ही लोक गिधाडासारखे येता." मनाला फार लागलं, म्हणून धागा काढला.

काम कसं चालतं ते सांगतो. घरं विकायच्या पोर्टलवर फ्लॅट टाकला की जाहिरातीच्या योजनेची मुदत असते. ती संपली की जाहिरात उतरते, फ्लॅट मात्र तसाच पडून असतो. माझ्या भागातल्या जाहिराती मी रोज वहीत टिपतो: सोसायटी, मजला, सांगितलेला भाव, भाव कधी उतरवला. एखादी दिसेनाशी झाली की आधी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा शोधतो, व्यवहार झालाय का बघतो. झाला नसेल तर फोन करतो.

अमेरिकेत ही पद्धत एजंटांना रीतसर शिकवतात. तिथे मालक ठरावीक महिन्यांचा करार एकाच एजंटशी करतो आणि घर एमएलएस नावाच्या एजंटांच्या सामाईक यादीत जातं. करार संपला की त्या एजंटचा हक्क संपतो, मग दुसरे विचारतात. आपल्याकडे असा करार क्वचितच होतो. एकच फ्लॅट पाच जणांकडे, चावी वॉचमनकडे. त्यामुळे जाहिरात संपली याचा इथला अर्थ बहुतेक वेळा एवढाच की मालक थकलाय.

आणि थकलेल्या माणसाला मदत लागते. गेल्या वर्षी हिंगण्यात एका काकूंच्या टू बीएचकेची जाहिरात दोनदा उतरली होती. जाहिरातीत ९५० चौरस फूट. जुन्या करारनाम्यातला तो सेलेबल एरिया, म्हणजे भिंती-जिना वगैरे धरून; कार्पेट, म्हणजे आतली वापरायची जागा भरली जेमतेम ७१०. गिऱ्हाईक टेप घेऊन यायचं, मोजायचं आणि फसवल्यासारखं तोंड करून जायचं. शिवाय सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट अजून वारलेल्या काकांच्या नावावर. नॉमिनेशन होतं म्हणून काकू निश्चिंत होत्या, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. दोन्ही मुलांकडून हक्कसोडपत्र करून घेतलं, सोसायटीत नाव लावलं, जाहिरातीत कार्पेट लिहिलं. चार महिन्यांत फ्लॅट गेला. मी फोन केला नसता तर तो आजही पडून असता.

कर्वेनगरची_लेक

दादा, तुमच्या काकूंचं भलं झालं, आनंद आहे. पण मी पूर्ण असहमत.

बाबा गेल्यावर त्यांचा फ्लॅट विकायला काढला. संपर्काला आईचा नंबर दिला, कारण मी दिवसभर नोकरीवर. जाहिरात संपली त्या दिवशी सकाळी पावणेनऊला पहिला फोन, संध्याकाळपर्यंत चौदा. प्रत्येकाचं एकच वाक्य: "मॅडम, गिऱ्हाईक तयार आहे, आजच दाखवायचंय." आईला ते खरं वाटायचं. ती हॉलमधल्या दिवाणावर नवी चादर घालायची, बाबांची औषधं ठेवलेलं कपाट पुसायची, चहाचं आधण ठेवायची. आठ वेळा हे झालं. आलेले आठही जण एजंट. कुणाबरोबरही गिऱ्हाईक नव्हतं. फोटो काढले आणि गेले.

पुढच्या आठवड्यात तोच फ्लॅट, तीच चादर, पाच लाखांनी जास्त भावाने दुसऱ्या एका पोर्टलवर. आम्हाला न विचारता.

नंबर मी जाहिरातीपुरता दिला होता. जाहिरात उतरल्यावर तो वापरायची परवानगी कुणी दिली?

बाणेर_ब्रोकर

ताई, चुकीचं झालं, पण त्यावरून फोनच बंद करा म्हणणं पटत नाही. हा धंदा विचारण्यावर चालतो. दहा जण नाही म्हणतात, अकरावा म्हणतो की बरं झालं फोन केलात. त्या अकराव्यासाठी दहांचा राग झेलावा लागतो. मी नाही केला तर दुसरा करणारच.

नियम_वाचणारा

"दुसरा करणारच" हा बचाव कायद्यात चालत नाही. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांनुसार, नोंदणी नसताना साध्या दहा आकडी नंबरवरून व्यावसायिक फोन करणं मुळातच मना आहे. १३ ऑगस्ट २०२४ ला ट्रायने दूरसंचार कंपन्यांना आदेश दिला की असे फोन करणाऱ्यांची सगळी कनेक्शनं तोडून त्यांना दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाका. कर्वेनगरच्या ताईंनी आईचा नंबर १९०९ वर डीएनडीत, म्हणजे जाहिरातीचे फोन नकोत अशांच्या यादीत नोंदवावा, आणि फोन आला की तिथेच तक्रार करावी.

रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता कायदा, त्याबद्दलही बराच गैरसमज असतो. कलम ९ नुसार एजंटला नोंदणी सक्तीची आहे ती नोंदणीकृत प्रकल्पातल्या विक्रीसाठी. महारेराने, म्हणजे राज्यातल्या रेरा प्राधिकरणाने २०२३ मध्ये आणलेली परीक्षाही त्याच एजंटांसाठी. तीस वर्षं जुन्या सोसायटीतला रिसेल त्यात येत नाही. म्हणजे ज्या आईच्या घरी आठ जण आले, तिला त्यांच्याविरुद्ध महारेराकडे जायची वाट जवळपास नाहीच. मला हे सगळ्यात गंभीर वाटतं.

वाकडचा_भाडेकरू

घेणाऱ्याच्या बाजूने लिहितो. दोन वर्षं घर शोधतोय. एकाच सोसायटीतला, एकाच मजल्यावरचा फ्लॅट मला तीन भावांत दिसलाय. असं दिसलं की पहिला विचार हाच येतो: फ्लॅटमध्ये काहीतरी भानगड आहे, कागद अडकलेत. आम्ही तो सोडून पुढे जातो. मालकाला कळतही नाही की त्याचं गिऱ्हाईक का गेलं. तेव्हा बाणेरवाले साहेब, तुमच्या दहा फोनांत रागापेक्षा नुकसान जास्त होतं, आणि ते मालकाच्या खिशातून जातं.

सिंहगडरोड_एजंट

कर्वेनगरच्या ताई, तुमच्या आईंबद्दल वाचून बराच वेळ काही लिहवलं नाही. गिऱ्हाईक नसताना आहे म्हणणं ही लबाडीच आहे, त्याचं समर्थन मी करणार नाही. नियमांचा मुद्दाही खरा. माझे फोन साध्या नंबरवरूनच जातात. आजवर कुणी तक्रार केली नाही एवढंच.

तरी एक विचारतो. फ्लॅट एकाच एजंटकडे लेखी नव्वद दिवसांसाठी दिलात, तर चौदा फोन येतील का? इतरांना सांगता येईल, "त्यांच्याशी बोला." भाव एक, फोटो एक, चावी एकाकडे.

कर्वेनगरची_लेक

दिला होता. लेखी नाही, शब्दावर. पहिल्याच एजंटला सांगितलं होतं की तीन महिने फक्त तुम्ही. त्यांनी एकदाही कुणाला आणलं नाही. मी फोन केला की "मार्केट थंड आहे". पितृपक्ष होता तेव्हा मी समजून घेतलं, त्या पंधरवड्यात घर बघायला कुणी येत नाही. पण दसरा गेला, दिवाळी गेली. पुन्हा तसंच बांधून घ्यायचं तर एजंट नव्वद दिवसांत काय काय करणार आणि नाही केलं तर मी कधी बाहेर पडू शकते, हे कागदावर हवं. दोन टक्के दलाली मागताना एवढं लिहून द्यायला काय हरकत आहे?

पेठेतले_काका

पंचवीस वर्षं सदाशिव आणि नारायण पेठेत हेच काम केलं, आता मुलगा बघतो. जाहिरात उतरलेल्या घरी मी कधी फोन केला नाही. एका कागदावर स्वच्छ अक्षरात लिहायचो: याच इमारतीत गेल्या वर्षी अमुक भावाने व्यवहार झाला, तुमच्या घराला लिफ्ट नाही म्हणून वयस्कर गिऱ्हाईक येणार नाही, कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं, झालेलं नाही म्हणून बँक अडेल, हवं तर भेटू. खाली नाव, पत्ता. जिन्याखालच्या पत्रपेटीत टाकायचो. ज्याला गरज तो महिन्याने का होईना यायचा. कागद वाचायला उचलावा लागतो, फोनसारखा जेवताना वाजत नाही. आणि लिहायचं म्हणजे आधी त्या घराचा अभ्यास करावा लागतो. फोनवर तेच टाळता येतं.

बाणेर_ब्रोकर

काका, आदर आहे, पण पेठेत तीन मजले आणि बारा पत्रपेट्या. आमच्याकडे गेटवरचा सिक्युरिटी आत सोडत नाही, आणि मालक निम्मे परदेशात. चिठ्ठी पोहोचेपर्यंत फ्लॅट तिघांकडे गेलेला असतो.

पेठेतले_काका

परदेशातल्या मालकाला ईमेल करा. आत काय लिहिलंय ते महत्त्वाचं.

कर्वेनगरची_लेक

सिंहगड रोडवाले दादा, तुमच्या वहीत कर्वेनगरही आहे म्हणता, म्हणजे आमचा फ्लॅट असेलच. तिसरा मजला, लिफ्ट नाही, दिवाणावर निळी चादर. कशामुळे अडलाय ते काकांसारखं कागदावर लिहून पाठवा, मी नीट वाचेन. आईच्या नंबरवर मात्र फोन नको. तो नंबर मी आत्ताच १९०९ वर नोंदवलाय.