ऐतिहासिक वास्तूचा कायम निधी मोडावा का?

हिशेबनीस (धागाकर्ता)
ऐतिहासिक घरे सांभाळणारे विश्वस्त ठेवींवर बसून राहतात, त्यांनी अमेरिकेतील माउंट व्हर्नन हे घर वाचवणाऱ्या स्त्रियांसारखा धडाका दाखवून कायम निधी (ज्याचे मुद्दल राखून फक्त व्याज खर्चायचे, अशी ठेव) मोडावा, असे 'वाडाप्रेमी' यांनी नुकतेच येथे लिहिले. त्यांनी दिलेला दाखलाच त्यांच्या विरोधात जातो. ॲन पामेला कनिंगहॅम यांनी 1853 मध्ये माउंट व्हर्नन वाचवण्याचे आवाहन केले, त्या सुमारास जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या या घराची नदीकडची पडवी जहाजाच्या डोलकाठ्यांच्या टेकूवर उभी होती. 1858 मध्ये त्यांच्या संस्थेने दोन लाख डॉलर्सना घर व सुमारे दोनशे एकर जमीन घेण्याचा करार केला आणि ती रक्कम राज्याराज्यांतून वर्गणी गोळा करून उभी केली. मोडायला त्यांच्याजवळ निधी नव्हताच. उलट ऐतिहासिक वास्तू सांभाळणारा ब्रिटनचा नॅशनल ट्रस्ट पुढील देखभालीची तरतूद झाल्याशिवाय सहसा घर स्वीकारत नाही. मुद्दल संपल्यावर पुढचे छप्पर कशातून शाकारणार?

वाडाप्रेमी
आमच्या गावातील एका समाजसुधारकाच्या वाड्याचे काय झाले, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. दरवर्षी सभेत 'दरपत्रके मागवावीत' असा ठराव होई आणि दर पावसाळ्यात माजघराच्या भिंतीत पाणी मुरे. शेवटी सागवानी तुळईचे भिंतीत गेलेले टोक कुजून तिचा भुगा झाला. कौले चाळून जे काम भागले असते, त्यासाठी पुढे अख्खा मजला उतरवावा लागला. बँकेतील ठेव मात्र शाबूत राहिली! गळतीचा खर्च व्याजापेक्षा वेगाने वाढतो, हे हिशेब जाणणाऱ्याला मी सांगावे लागते, याचे दुःख होते.

माजी चिटणीस
खरा रोग निधीचा नसून तहहयात विश्वस्तपदाचा आहे. वडील गेले की मुलगा येतो आणि विश्वस्त बदलल्याची नोंद मागणाऱ्या बदल अर्जावर वाद होऊन तो धर्मादाय कार्यालयात वर्षानुवर्षे पडून राहतो. मी ज्या न्यासाचा चिटणीस होतो, तेथे दोन घराण्यांच्या भांडणात धनादेशावर सह्या कोणी करायच्या, हेच ठरत नव्हते, त्यामुळे पैसा असूनही साधा गवंडी बोलावता येत नव्हता. माउंट व्हर्ननचा कारभार निरनिराळ्या राज्यांतून आलेल्या स्त्रियांकडे असतो. एका घराण्याची मिरास होऊ नये, ही व्यवस्था तेथून घ्यावी.

हिशेबनीस
घराण्यांचा विषय येथे ओढून आणू नये. मुद्दलाला हात लावू नये, अशी लेखी अट घालून कोणी देणगी दिली असेल, तर ती मोडणे हा विश्वासघात आहे, मग विश्वस्त कोणत्याही घराण्याचा असो. शिवाय कायम निधीतून केलेला खर्च आयकरात त्या वर्षीचा विनियोग (न्यासाच्या कामासाठी झालेला, करसवलतीस पात्र खर्च) म्हणून धरला जात नाही. ती रक्कम निधीत परत भरली, तरच तिचा विचार होतो.

माजी चिटणीस
विषय मी ओढून आणलेला नाही. निधी मोडायचा की राखायचा, हे ठरवणारी माणसेच बदलत नसतील, तर तुमचे दोघांचेही युक्तिवाद कागदावरच राहतील. विश्वस्तांना मुदत असावी, असे म्हटले की घराण्यांच्या त्यागाचे दाखले दिले जातात. त्या त्यागाबद्दल मला आदर आहे, पण त्याग वारसाहक्काने मिळत नाही.

वतनदारांची नात
हे वाक्य मला लागले. आमच्या आजोबांनी वाडा न्यासाला दिला, तेव्हा दुरुस्तीला दमडी देणारे गावात कोणी नव्हते. घरातील माणूस मंडळावर नसता, तर तो वाडा कधीच भाडेपट्ट्याने गेला असता. लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याला सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते खरी, पण त्या अर्जाला हरकत घेण्यासाठी कोणीतरी जागे असावे लागते.

माजी चिटणीस
घरातील एक व्यक्ती असावी, एवढे मान्य करतो. बहुमत घरात असू नये.

वाडाप्रेमी
देणगीदाराची लेखी अट पाळावी, हे मलाही नाइलाजाने मान्य करावे लागते. परंतु विश्वस्तांनी केवळ स्वतःच्या ठरावाने जे पैसे 'कायम' ठरवले, त्यांना ती अट लागू होत नाही, आणि आमच्या वाड्याची ठेव तशीच होती. हिशेबनीस यांनी याचे उत्तर द्यावे.

हिशेबनीस
तशी ठेव असेल, तर विश्वस्तांनी नवा ठराव करून ती पावसाळ्यापूर्वी दुरुस्तीकडे वळवायला हवी होती. मात्र देणगीच्या पावत्या तपासल्याशिवाय कोणती रक्कम कोणत्या प्रकारची, हे ठरत नाही. त्या पावत्या आपण पाहिल्या आहेत का?