बेळगावातून पुण्याला घर हलवताना: पॅकर्स-मूव्हर्स की ओळखीचा टेम्पो?

टिळकवाडीकर
पावसाच्या आधी आमचं घर पुण्याला हलवायचंय. बाबा म्हणतात, वडगावातल्या नेहमीच्या टेम्पोवाल्याला सांगू, चार हमाल घेऊ, संपलं. माझं स्पष्ट मत, पॅकर्स-मूव्हर्सलाच द्यावं. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर चढवायला हमाल कुठून आणणार? पलंग-कपाट खोलून परत जोडून देणार कोण? आईच्या चिनी मातीच्या बरण्या आणि सागवानी देव्हारा गोणपाटात गुंडाळून साडेतीनशे किलोमीटर पाठवायला माझं मन घेत नाही. पैसे जास्त गेले तरी चालतील. तुम्हाला काय वाटतं?

निपाणीचा अण्णा
बाबांचं बरोबर आहे. कंपनी म्हणजे नक्की कोण, ते आधी विचारा की. बोर्ड एकाचा, गाडी दुसऱ्याची, हमाल तिसऱ्याचे. आमच्या मेव्हण्याला फोनवर एक भाडं सांगितलं, सामान चढल्यावर "माल जास्त निघाला" म्हणून दुसरं. वर पुण्याला जायचं सामान उलटं हुबळीच्या गोडाऊनला नेऊन ठेवलं आणि उरलेले पैसे टाकल्याशिवाय हलवणार नाही म्हणाले. ओळखीचा माणूस असं करील काय? त्याला उद्या परत ह्याच गल्लीत यायचं असतंय.

खानापूरची सून
अण्णा, ओळखीचीच तर अडचण होते. आमचा फ्रीज टेम्पोत आडवा घातला, वरची ताडपत्री उडाली, गाद्या भिजल्या. ड्रायव्हर घरच्यासारखा, त्याच्याकडे भरपाई मागायला सासऱ्यांची जीभ रेटेना. नुकसान आम्हीच सोसलं. परक्याशी निदान व्यवहाराचं बोलता येतं.

शहापूरचा वकील
दोघांचाही मुद्दा कागदाशी येऊन थांबतो. २००७ चा रस्ता मालवाहतूक कायदा आहे. त्याखाली नोंदणी असलेला वाहतूकदार बिल्टी, म्हणजे माल घेतल्याची पावती, देतो. मालाची किंमत तुम्ही आधी लिहून दिली नसेल, तर त्याची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच धरली जाते. म्हणून किंमत लिहायचा रकाना कोरा सोडू नका. काही हरवलं-फुटलं तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, नाहीतर दावाच उभा राहत नाही. पावतीमागे बारीक अक्षरात कुठल्या तरी लांबच्या शहराचं कोर्ट छापलेलं असतं, त्याला घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. टिळकवाडीकर पुण्यात राहायला गेले की पुण्यातच करू शकतील.

आणि एक. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल, म्हणजे जीएसटीचा मालवाहतुकीचा ऑनलाइन परवाना, लागत नाही. "कोगनोळीला अडवतील, त्याचे वेगळे द्या" असं राज्याच्या सीमेवरच्या नाक्याचं नाव घेऊन कुणी म्हणालं तर एक रुपया देऊ नका. सामानाची यादी ड्रायव्हरजवळ असली म्हणजे झालं.

निपाणीचा अण्णा
वकीलसाहेब, कायदा खरा, पण आयोगाच्या तारखा कोण करणार? म्हातारी माणसं? माल अडकूच नये, हे बघायला पाहिजे. कंपनीच हवी असेल तर घरी येऊन सामान बघून भाडं लिहून देणाऱ्यालाच काम द्या. शेअरिंगची गाडी स्वस्त पडती म्हणून घेऊ नका. त्यात दुसऱ्याचा माल भरेपर्यंत तुमचा गोडाऊनला पडून राहतोय, दोनदा चढ-उतार होती, फुटतंय ते तिथंच. फुल गाडी घ्या, नंबर बिल्टीवर लिहून घ्या.

खानापूरची सून
हे मात्र पटलं. बरण्यांचं सांगते. लोणचं आधी काढून घ्या. बरणी धुऊन उन्हात वाळवा, आत जुनी सुती साडी दाबून भरा, झाकण वेगळं गुंडाळा, खोक्यात उभीच ठेवा. फ्रीज आदल्या दिवशी बंद करून पुसून काढा. गॅस सिलिंडर गाडीत चढवू नका. सिलिंडर-रेग्युलेटर एजन्सीत परत करून कागद घ्या, त्यावर पुण्यात नवीन मिळतो.

टिळकवाडीकर
स्कूटर पण न्यायचीय, केए-२२ पासिंगची.

शहापूरचा वकील
पेट्रोल काढून टाका, आरशांवर कापड बांधा. इथल्या आरटीओची एनओसी जायच्या आधीच काढा, नंतर त्यासाठी परत फेरा पडतो. १२ महिन्यांपेक्षा जास्त तिकडे राहणार तर महाराष्ट्राचा नंबर घ्यावा लागेल.

निपाणीचा अण्णा
तरी पॅकिंगला आपलीच माणसं घाला. घरच्या हातानं बांधलेलं नीट राहतंय.

शहापूरचा वकील
इथं माझा विरोध आहे, अण्णा. सामानाच्या वाहतुकीचा विमा काढला तरी बहुतेक विम्यांत घरच्यांनी भरलेल्या खोक्यातली फुटतूट धरत नाहीत. काचेचं आणि चिनी मातीचं त्यांच्याच माणसांना भरू द्या, आईंनी शेजारी उभं राहून सांगावं. प्रत्येक खोक्याला आकडा घाला, बंद करण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. आणि पुण्यात खोकी उघडून बघेपर्यंत "माल व्यवस्थित मिळाला" यावर सही करू नका. ड्रायव्हर घाई करेल. "उघडून पाहिलेलं नाही" असं हातानं लिहा, मग सही करा.