विषय: ट्रक कँपर, दोन सायकली आणि वाळवंटातली थंडी

प्रेषक: रेवा, सॅन डिएगो
५ डिसेंबर

नमस्कार मंडळी,

दिवाळीत आम्ही एक जुना ट्रक कँपर घेतला, ट्रकच्या पाठीवर बसणारी छोटी खोली, छत वर उचलायचं असतं तसली. नाताळच्या सुट्टीत चार रात्री अँझा-बोरेगोच्या वाळवंटी स्टेट पार्कात जायचा बेत आहे, सायकली घेऊन. पण कँपग्राउंडचं आरक्षण केव्हाच भरलंय. नवरा म्हणतो वाळवंटच तर आहे, दोन चादरी पुरे. सासूबाई साताऱ्याहून आल्यात (वय ६९). तुम्ही घरी आराम करा म्हणायला गेले, तर त्यांची बॅग भरून तयार. कोणी हिवाळ्यात तिकडे राहिलं असेल तर कृपया सांगा: मुक्काम कुठे टाकायचा, सायकल कुठे चालवायची, आणि थंडी खरंच किती?

रेवा

---

प्रेषक: श्रीकाका, एस्कोन्डिडो
५ डिसेंबर, रात्री

रेवा,

नवऱ्याला आधी त्या दोन चादरींवरून खाली उतरव. पार्कमधल्या बोरेगो स्प्रिंग्ज गावात या दिवसांत दुपारी २०-२१ सेल्सिअस असतं, टी-शर्टावर सायकल चालवावी असं. पण पावणेपाचच्या सुमारास सूर्य गेला की कोरड्या हवेत ऊब थांबत नाही, तासाभरात स्वेटर शोधायची वेळ येते. पहाटे ५-६ अंश नेहमीचेच, एखाद्या रात्री शून्याच्या जवळपासही जातं. मला मात्र थंडीपेक्षा रात्रीच्या लांबीचा धाक वाटतो. जवळजवळ चौदा तास. तेवढा वेळ दिवे, हीटर, सगळं एका बॅटरीवर.

आमचं पहिलं वर्ष सांगतो. पहाटे तीनला हीटरचा पंखा कण्हत कण्हत थांबला. गॅस टाकीभर होता, पण पंखा चालतो बॅटरीवर, आणि पंख्याशिवाय हीटर पेटतच नाही. टॉर्च घेऊन शोधाशोध केली तर फ्रिजचा खटका बारा व्होल्टवर. गाडी चालताना तो तसा ठेवायचा आणि थांबल्यावर गॅसवर फिरवायचा, एवढंच काम. ते मी विसरलो. हा फ्रिज बॅटरीवर दहा-बारा अँपियर खातो, हीटरचा पंखा तीन-चार. शंभर अँपियर-अवरची बॅटरी दहा तासांत पिऊन टाकली त्याने. बायको एक शब्द बोलली नाही. दोन स्वेटर, माझी शाल आणि वर योगाची चटई पांघरून उजाडेपर्यंत माझ्याकडे बघत बसली. तेव्हापासून फ्रिजच्या दारावर लाल चिकटपट्टी आहे.

छतावरच्या सोलरवर फार विसंबू नकोस. डिसेंबरअखेर तिथे भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ३३-३४ अंशच वर येतो, म्हणजे आडव्या पडलेल्या पॅनलला निम्माच काय तो प्रसाद. बॅटरी लिथियमची असेल तर गोठणबिंदूखाली ती चार्ज करायची नाही. पहाटे फार गारठा असेल तर ऊन चढू दे. आणि निघण्याआधी ट्रकच्या दाराच्या चौकटीवरचं पिवळं स्टिकर वाच, ट्रक किती वजन झेपवतो ते तिथे असतं. २० गॅलन पाणी म्हणजे १६७ पौंड. सासूबाई आणि त्यांची बॅग वेगळी.

आता जागा. आरक्षण मिळालं नाही ते बरंच झालं. सहा लाख एकरांचं हे पार्क कॅलिफोर्नियाच्या स्टेट पार्कांमध्ये सगळ्यात मोठं, आणि तिथे कच्च्या रस्त्यांलगत फुकट मुक्काम करता येतो. गाडी रस्त्यापासून एका गाडीच्या लांबीपेक्षा आत न्यायची नाही. जाळ जमिनीवर नाही, आपल्या पत्र्याच्या भांड्यात, आणि राखसुद्धा परत आणायची. नळ नाही, कचरापेटी नाही. आम्ही हेंडरसन कॅन्यन रोडच्या पूर्व टोकाला, पेग लेग स्मिथ नावाच्या जुन्या भटक्याच्या स्मारकाजवळ असतो. स्मारक म्हणजे दगडांचा ढीग. त्याचं हरवलेलं सोनं शोधणाऱ्याने ढिगात दहा दगड घालावेत अशी पाटी आहे. मी आजवर साठेक घातले असतील.

आणि माझा एकच आग्रह: एकदा बिऱ्हाड लावलं की ट्रक हलवायचा नाही. छत पाडा, भांडी बांधा, सगळं पाठीवर घेऊन चार मैल जा, पुन्हा छत उचला. त्यात सकाळ संपते. वर वजन असलेला ट्रक वाळूत रुतला की दुपारही जाते. फॉन्ट्स पॉइंट या देखाव्याच्या कड्याकडे जाणारा चार मैलांचा रस्ता म्हणजे कोरड्या ओढ्याचं पात्र आहे, तिथे मी फार जणांना फावडं मारताना पाहिलंय. भटकंती सायकलने करा. दोन इंचांहून रुंद टायर, वाळू आली की थोडी हवा सोडायची, पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. पायवाटांवर सायकलला बंदी आहे, गाड्या जातात तेवढेच रस्ते. तेही पुष्कळ आहेत. हेंडरसन कॅन्यन रोडवरून बोरेगो स्प्रिंग्ज रोडने गावातल्या ख्रिसमस सर्कलपर्यंत आणि पुन्हा मुक्कामी, ही सपाट फेरी पहिल्या दिवशी करा. वाटेत शिल्पकार रिकार्डो ब्रेसेडाचे लोखंडी प्राणी भेटतात, १३० च्या वर आहेत. त्यातला साडेतीनशे फुटी सर्प रस्त्याच्या एका बाजूला बुडतो आणि दुसऱ्या बाजूला वर येतो.

मॉन्टेझुमाचा घाट सायकलने नको. तीन हजार फुटांहून जास्त चढ, चढताना घाम आणि उतरताना त्याच घामाने हुडहुडी. टायरमध्ये सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) घालायला विसरू नका, रस्त्याच्या कडेला गोटहेड नावाचे काटे असतात.

अमावास्येच्या आसपास जात असाल तर एक करा. बोरेगो स्प्रिंग्जला २००९ मध्ये 'डार्क स्काय' (रात्रीचा काळोख जपणाऱ्या) गावाचा मान मिळाला, जगात दुसरं गाव. दक्षिणेला क्षितिज मोकळं असलेली जागा बघा आणि डिसेंबरअखेर मध्यरात्रीच्या जरा आधी व्याधाच्या सरळ खाली बघा. अगस्त्य तारा दिसतो, क्षितिजापासून चारच अंश वर.

काका

---

प्रेषक: श्रीकाकांच्या घरून, काकू

रेवा, यांनी चटईचं सांगितलं, बाकीचं मी सांगते.

कुकर आत लावू नकोस. आम्ही एकदा आत खिचडी केली. तीन शिट्ट्यांची वाफ रात्रभर कापडी भिंतींवरून ओघळत होती, सकाळी उशा पिळून काढल्या. शेगडी बाहेर, वाऱ्याच्या आडोशाला. ऊब यावी म्हणून गॅस पेटवून आत बसायचं तर मुळीच नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालतो का ते बघून घे आणि एक खिडकी बोटभर उघडी ठेव.

सासूबाईंना वर केबिनवरच्या पलंगावर झोपवू नकोस, रात्री उतरायचं म्हणजे शिडीची कसरत. टेबल खाली पाडून होतो तो बिछाना त्यांना दे.

आणि फणी ने. चोया निवडुंगाचे गोळे नुसता स्पर्श झाला तरी पोटरीला बसतात, आणि हाताने काढायला गेलं की हाताला. फणी खालून सरकवायची आणि एक झटका. माझी जाड दातांची जुनी लाकडी फणी आहे, रविवारी मंडळात आणते.

---

प्रेषक: मंडळ, कार्यकारिणी

सर्वांना विनंती: चर्चा छान चालू आहे, पण संक्रांतीच्या जेवणाची नोंदणी फक्त २३ कुटुंबांची झाली आहे. वाळवंटात जाणाऱ्यांनी आधी नाव द्यावे.

---

प्रेषक: रेवा
२ जानेवारी

काका, काकू,

परत आलो. नाव दिलंय, तीन ताटं.

पहिल्या संध्याकाळी फ्रिजचा खटका सासूबाईंनी फिरवला. तुमची मेल त्यांना वाचून दाखवली होती. आमच्या दोघांच्या लक्षात नव्हतं. तरी चौथ्या पहाटे हीटर बंद ठेवावा लागला, दोन दिवस ढग होते. आत ४ अंश. नवरा सध्या चादरींचा विषय काढत नाही.

फॉन्ट्स पॉइंटला सायकलने निघालो. शेवटचा मैल ढकलतच नेल्या, पण एक पांढरा ट्रक आमच्यासमोर रुतला तेव्हा नवऱ्याने शिट्टी वाजवली (मग उतरून ढकलायला गेला, वाईट नाही तो). ख्रिसमस सर्कलजवळ माझं पुढचं चाक बसलं. सीलंट मागच्यातच घातलं होतं. काटा उपटून सासूबाईंच्या हातावर ठेवला तर म्हणाल्या, "अगं, हा तर सराटा! आमच्या बांधावर किती, अनवाणी गेलं की पाय भरायचे." नंतर शोधून पाहिलं. खरंच तेच, ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस, आपलं गोखरू. त्यांनी दोन काटे रुमालात बांधून घेतलेत, साताऱ्याला दाखवायला. विमानात बी न्यायला बंदी असते हे आम्ही समजावतोय.

तिसऱ्या रात्री पावणेबाराला ढग जरा हलले. अगस्त्य बघायला सासूबाईंना उठवलं. शाल गुंडाळून दारात पाच मिनिटं उभ्या राहिल्या, हात लांब करून क्षितिजावर दोन बोटं आडवी धरली, आणि म्हणाल्या, "आपल्याकडे हाच वीतभर वर असतो." मग झोपायला गेल्या.

फणी दोनदा लागली, दोन्ही वेळा नवऱ्याला. तिचा एक दात गेलाय, काकू. संक्रांतीला आणते.

रेवा