मदत हवी आहे: वाद्यांचे ट्रॅक वेगळे काढताना नावांचा घोळ

नमस्कार मंडळी, नागपुरातल्या ऑर्केस्ट्रासाठी ट्रॅक बनवणं सुरू आहे. कॉर्ड भरले की बास, ड्रम्स, पियानो, गिटार आपोआप वाजवणारं सॉफ्टवेअर आहे. त्यातून प्रत्येक वाद्याची वेगळी वेव्ह फाइल (४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ) काढून रीपर या मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मिक्स करायचं आहे. एमपी३ नको; त्यात सुरुवातीला बारीकशी मोकळी जागा भरली जाते.

खरी अडचण नावांची. फाइलला वाद्याचं नाव आपोआप लागतं. एकाच गाण्यात दोन अकूस्टिक गिटार असल्या की दुसरी फाइल पहिलीवर बसते आणि एक गिटार गायब! एक्सपोर्टआधी ट्रॅकला हाताने ‘०३_गिटार_डावी’ असं नाव देता येतं, पण स्टाइल (साथीचा प्रकार) बदलली की ते पुसलं जातं. (आकड्याआधी शून्य हवंच, नाहीतर काही ठिकाणी १० हा २ च्या आधी लागतो.) नावांचा साचा एकदाच ठरवून सगळे ट्रॅक एकत्र काढता येतात का?

दुसरं, बास अंतऱ्यापासून सुरू होत असेल तर आधीची शांतता कापली जाते. सगळ्या फाइली शून्यावर लावल्या की बास मुखड्यातच घुसतो. सध्याचा जुगाड म्हणजे प्रत्येक ट्रॅकवर काउंट-इन (गाण्याआधी वाजणारी मोजणी), म्हणजे सगळ्या फाइली एकाच जागी सुरू होतात; तोही दोन मात्रांचा नव्हे, पूर्ण दोन बारचा (आठ मात्रांचा). ९६ बीपीएमला (मिनिटाला ९६ मात्रा), चार-चारच्या तालात बरोबर ५ सेकंद. पण तो नंतर प्रत्येक गाण्यात कापत बसावं लागतं. फाइलमध्येच सुरुवातीची वेळ नोंदवणारा ब्रॉडकास्ट वेव्ह पर्याय कुणी वापरता का? रीपर ती वेळ वाचतो.

मेनूचा नेमका रस्ता सांगाल तर बरं होईल, भाऊ.