ही साइट खरी का? वर्गातले किस्से सांगा

आमच्याकडे आठवीला प्रोजेक्ट दिला की गूगलवर पहिलं येईल ते वहीत. एकाने तर "पुढे वाचा" सुद्धा उतरवून आणलेलं. तुम्ही कसं शिकवता? भाषणं नकोत, किस्से हवेत.

माझा आधी. झाडावरच्या ऑक्टोपसची साइट दाखवली. अमेरिकेतली आहे, १९९८ पासूनची निव्वळ थाप, पण फोटो, माहिती, "याला वाचवा" मोहीम, सगळं टापटीप. मी आधी यादी दिलेली, स्पेलिंग बघा, कोणाची साइट ते बघा, संपर्क बघा वगैरे, पोरांनी इमानेइतबारे यादी लावली आणि साइट पास! एक मुलगी म्हणाली, "बाई, पण झाडावर कसा राहील?" तर बाकीच्यांनी तिलाच गप्प केलं, फोटो आहे ना म्हणे. यादी टाकून दिली. आता साइट वाचत बसायचंच नाही, दुसरी टॅब उघडून बाकीचे तिच्याबद्दल काय म्हणतात ते बघायचं. दोन मिनिटांत भांडं फुटतं.

*

मी डायहायड्रोजन मोनॉक्साइडवर बंदीचा अर्ज फिरवतो. नाकातोंडात गेलं तर जीव जातो, लोखंड गंजतं, आम्लपावसात असतं. सह्या धडाधड. एका शहाण्याने खाली "पाणी" लिहून कागद परत दिला 😀 पोरांना हसू नका, कॅलिफोर्नियातल्या अलिसो व्हिएहोची नगरपरिषद २००४ मध्ये याच पायी फोमच्या कपांवर बंदीचा विचार करत होती.

*

पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह म्हणजे साइट चांगली, हे मीही शिकवलंय 🙈 वाटेत कोणी वाचू नये एवढंच ते. चोराच्या घरालाही कुलूप असतंच की.

*

दहावीच्या निकालाच्या दिवशी पुतणीने ग्रुपवरच्या लिंकवर सीट नंबर, आईचं नाव टाकलं, ओटीपी मागितला तेव्हा माझ्याकडे पळत आली. पत्त्यात सुरुवातीला "महारिझल्ट" होतं पण पुढे सरकारी एनआयसी डॉट इनच्या जागी भलतंच काहीतरी. तेव्हापासून क्लासमध्ये सांगतो, https:// सोडून पुढच्या पहिल्या तिरक्या रेघेपर्यंतचा पत्ता मागून वाचा, साइटचं आडनाव, म्हणजे ती कोणाची ते, शेवटीच असतं.

*

मुलं शिकतात हो, आमचं काय? स्टाफच्या ग्रुपवर दर १५ ऑगस्टला "युनेस्कोने जन गण मनला जगात सर्वोत्तम ठरवलं" येतंच, यंदा फळ्यावर पण लिहिलं. सातवीतली एक पोरगी शोधाशोध करून आली, "सर, युनेस्कोने असं काही ठरवलेलंच नाहीये." हेडसरांकडे नेलं तिला. म्हणाले, "शाब्बास! पण आता लिहिलंय तर आजच्या दिवस राहू दे."